हेराल्ड घरी आली, बाबा

बाबा, तुमची हेराल्ड गाडी मी परत आणली. पंधरा दिवस झाले, वर्ध्यातल्या बोरगाव मेघेच्या आमच्या घरासमोर उभी आहे, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की शेवटी वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडू नये असं लोक सांगतात. सांगोत बापडे. त्यांचा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन नव्हता आणि त्यांच्या बापाकडे हेराल्ड नव्हती. तुमच्याशी भांडायचं राहून गेलं, आता माझंही वय साठीला टेकलं, म्हणून आज भांडते.

गाडी आली तेव्हा मी सहावीत होते. जिनिंगच्या शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी तुम्हाला दिली. फिक्कट निळी, दोन दारांची. बॉनेट उघडायचं ते पुढच्या बाजूला, म्हणजे गाडीचं आख्खं तोंडच पुढे वाकायचं आणि इंजीन तिन्ही बाजूंनी मोकळं व्हायचं. मग एका चाकावर तुम्ही बसायचात, दुसऱ्यावर मी. तुम्ही थेट कामावरून आलेले असायचात, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले. दादाला हाक मारलीत तर तो चेंडू घेऊन पसार. पाने मी द्यायची, प्लग मी घासायची, पॉइंटमधलं अंतर पातळ पट्टी सरकवून मी मोजायची. इंजीन सुरू झालं की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात आणि मी आतली टकटक ऐकून म्हणायची, "बाबा, टॅपेट वाजून राह्यले." एकदा ऑइलचा बोल्ट मी जास्त कसला, तर केवढे ओरडलात! "हात हाय का हातोडा वं? आटे गेले तं तुया बाप रडत बसन!" मला त्या ओरडण्याचा राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी शाळेत मान ताठ करून गेले, कारण असे तुम्ही फक्त जिनिंगमधल्या फिटर लोकांवर ओरडायचात.

मग मी मॅट्रिक झाले. त्याच उन्हाळ्यात दादाला अठरा पूर्ण झाली. तुम्ही त्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलात आणि लायसन्स काढून आणलंत. मला पाने आणलेत. चांगले, जाड पोलादाचे, खाकी कापडात गुंडाळलेले, आठ नगांचा संच. मला काय आनंद झाला होता! आईला दाखवले, मैत्रिणीला दाखवले. त्या आनंदाची आता मला चीड येते. एकाला गाडी चालवायचा परवाना आणि दुसरीला ती दुरुस्त करायचा, ही वाटणी तुम्ही किती सहज केलीत आणि मी किती सहज घेतली. दादा गाडी चालवायचा, तुम्ही शेजारी, मी मागे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, हे तुम्ही त्याला हजारदा सांगितलंत. त्याच्या ध्यानात कधी राहिलं नाही. करकर आवाज आला की मागच्या सीटवर माझे दात शिवशिवायचे आणि डावा पाय आपोआप दाबला जायचा, जणू क्लच माझ्याच पायाखाली आहे.

आणि मग तो दिवस. बी.एड.ची परीक्षा देऊन मी नागपूरहून एसटीनं आले. फाटकातून आत शिरले तर निंबाखाली गाडी नाही, नुसता तेलाचा काळा डाग. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतात. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, गाडी कुठाय? तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "इकली. पुलगावच्या मिलिट्री डेपोतल्या सुभेदारानं नेली. दादा चालला हैदराबादले, आता कोन चालवते तिले?"

कोन चालवते तिले! मी समोर उभी होते, बाबा. खांद्याला पिशवी अडकवून, पाच फूट दोन इंच, धडधाकट, एकवीस वर्षांची. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. मी पिशवी खुंटीला अडकवली. मोरीत जाऊन पाय धुतले आणि ताटावर येऊन बसले. पुढे लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, तीस-पस्तीस वर्षं पोरांना बीजगणित शिकवलं. चाळिशीत आमची छोटी गाडी घेतली तेव्हा मोटर स्कूलमध्ये जाऊन ड्रायव्हिंगही शिकले. पण कुठे गाड्यांचा विषय निघाला की मी ठरलेली गोष्ट सांगायची. माझ्या बापानं मला गाडीचा नट न् नट शिकवला, पण तू चालवतेस का, म्हणून एकदाही विचारलं नाही. मैत्रिणींना ऐकवली, यांना ऐकवली, लेकीला तर इतक्यांदा की ती माझ्याआधी वाक्य पूर्ण करते.

रिटायर झाले आणि ठरवलं, ती गाडी शोधायची. तशीच दुसरी चालणार नव्हती, तीच हवी होती. हे म्हणाले, "लोक या वयात चार धाम करून राह्यले, अन् तू भंगार मांगवून राह्यली." मी म्हटलं, तुम्ही जा चार धामला, मी पुलगावला जाते. आणि गेले. डेपोच्या आत कोण सोडणार, पण बाहेरच्या रस्त्यावर एक जुने शिंपीकाका भेटले, फौजी लोकांचे कपडे शिवणारे. त्यांना निळी दोन दारांची गाडी लख्ख आठवत होती. "सुभेदारसाहेबाची ना? केरळातले होते ते, पालघाटकडचे. बदली झाली तं मालगाडीवर चढवून नेली त्यानं. बायको म्हने गाडी राहू द्या, साहेब म्हने सामान राह्यलं तं राह्यलं, गाडी नाई राह्यली पाह्यजे." शिंपीकाका हसले. मी मात्र स्टेशनपर्यंत पाय आपटतच आले. परक्या माणसानं जिला मालगाडीवर चढवून हजार मैल नेलं, ती तुम्हाला वर्ध्यात निंबाखाली ठेवता आली नाही.

मग मोबाइल. लेकीनं मला जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या ग्रुपमध्ये घालून दिलं. सगळे पुरुष, सगळे उत्साही, आणि मी काही विचारलं की उत्तर यायचं, सर. "सर, आपकी गाड़ी का मॉडल कौन सा?" मी गाडीचा जुना नंबर टाकत राहिले. दोन वर्षं टाकला. एक दिवस पालघाटच्या एका माणसानं फोटो टाकला. नारळाच्या झावळ्यांच्या शेडमध्ये धूळ खात उभी असलेली गाडी, मागच्या बाजूला कोंबड्यांची पाटी, आणि जुनीच नंबरप्लेट. त्याच्या शेजाऱ्याची होती. सुभेदार वारलेले, मुलगा दुबईला, सुटीत येऊन शेड मोकळी करायच्या बेतात. मी चहा गॅसवर ठेवला होता तो उतू गेला, पातेलं करपलं, तरी मी फोटोकडे बघत उभीच.

व्हिडिओ कॉलवर त्या मुलाचं पहिलं वाक्य, "मॅडम, सर को दीजिए ना, गाड़ी का बात है." मी म्हटलं, बॉनेट उघड. तो उघडायला गेला समोरून. मी सांगितलं, बाजूच्या दोन्ही कड्या सोड आणि पुढे ओढ. त्यानंतर सरांची आठवण त्याला झाली नाही. चासी दाखव म्हटलं, फरशीखालचा गंज दाखव म्हटलं, मोबाइल इंजिनाजवळ धरून सुरू कर म्हटलं. धुरानं सगळा पडदा पांढरा झाला, पण आवाज आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, टॅपेट. मग स्टेअरिंग जोरात हलव म्हणाले. त्यानं हलवलं आणि खाली कुठंतरी छुनछुन वाजलं. "ये कुछ ढीला है मॅडम, बचपन से बज रहा है. कोई मेकॅनिक पकड़ नहीं पाया."

कसा पकडणार? पालघाटच्या मेकॅनिकला पोळा काय ठाऊक! आजोबांच्या बैलाच्या घुंगरमाळेतले दोन घुंगरू तुम्ही तारेनं स्टेअरिंगच्या दांड्याला आतून बांधले होते. शेत काकाकडे, बैल काकाकडे, तुमच्याकडे जिनिंगची नोकरी. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तुम्ही गाडी धुवायचात आणि वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायचात, हळद-तूप मागायला. आई पुरण वाटता वाटता करवादायची, "गाडीले का खांदे असते?" तुम्ही पुढच्या दोन्ही मडगार्डांवर हळद-तूप चोळायचात आणि बैलाला म्हणतात तसं गंभीरपणे म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी हसून लोळायची. रंगावर पिवळे डाग पडायचे ते रॉकेलनं पुसायचं काम परत माझंच.

गाडी मी घेतली. प्रत्यक्ष न बघता, न हात लावता, हजार मैलांवरून. कागदपत्रांसाठी जे काय खेटे घातले ते सांगत बसत नाही. ट्रक बायपासला येऊन थांबला, कारण आमच्या गल्लीत तो शिरत नाही. दुपारची वेळ. ड्रायव्हरनं फळ्या लावल्या, दोर सोडले आणि माझ्यामागे बघून विचारलं, "मॅडम, चलाएगा कौन?"

शप्पथ सांगते, त्या माणसाच्या श्रीमुखात द्यावी असं वाटलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण शब्द तुमचे होते. शेजारचे निवृत्त नायब तहसीलदार सोबत आले होते. ते लगेच बाह्या सरसावून पुढे, "वहिनी, तुम्ही राहू द्या, मी उतरवतो, जुनी गाडी आहे." मी किल्ली मुठीत धरली आणि ट्रकवर चढले. साडी खोचून, गुडघा दुखत असताना, सगळ्या बायपाससमोर. चोक ओढला, तिसऱ्या खेपेला सुरू झाली. फळ्या जेमतेम चाकाएवढ्या रुंद. पण उतरवली, आणि पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकला. गल्लीच्या तोंडाशी ती एका फटक्यात वळली, आजकालच्या कुठल्या गाडीला जमत नाही तशी. वळताना घुंगरू वाजले. लोक टाळ्या वाजवत होते, हे मोबाइलवर शूटिंग करत होते, आणि मला आनंद होईना. मला फक्त राग येत होता. एवढंच होतं तर! एवढ्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षं? एका किल्लीसाठी? तुम्ही ती नुसती पुढे केली असतीत तर काय बिघडलं असतं?

हा राग छान होता, बाबा. स्वच्छ होता. आठवडाभर मी तो मजेत वापरला. मग सोमवारी सकाळी फोन आला, अनोळखी नंबर. म्हाताऱ्या बाईमाणसाचा आवाज, फौजी क्वार्टरमध्ये शिकलेलं हिंदी. सुभेदारांची बायको. त्या लेकीकडे त्रिचूरला असतात, मुलानं गाडी विकल्याचं त्यांना नंतर कळलं.

"गाड़ी ठीक पहुँचा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आप वही बेटी है ना, जिसको सब मालूम था? आपका पिताजी बोला था साहब को, अभी मत ले जाओ, मेरा बेटी का परीक्षा है, वो आएगी तो गाड़ी का सब समझाएगी. साहब को ड्यूटी था, रुका नहीं."

त्या बोलतच होत्या, खूप वर्षांनी कोणी ऐकणारं मिळाल्यासारख्या. "साहब ने पूछा, बेटी को मालूम है तो वो क्यों नहीं चलाती? तब बोला आपका पिताजी. बोला, एक बार मैंने चाबी दिया था, सब आदमी लोग के सामने. वो ना बोली. गलती मेरा था, अकेले में देना था. फिर मुझको हिम्मत नहीं हुआ." आणि मग अगदी सहज, हसत, "साहब को ये बात लग गया. इसलिए हमारा बेटी को उसी गाड़ी पे सिखाया. सुबह-सुबह, डेपो का पीछे वाला रोड पे, जब उधर कोई नहीं होता. अभी वो स्कूल का बस चलाती है. आपका पिताजी का मेहरबानी."

माझ्या हातातून फोन पडला नाही, मी रडलेही नाही. हो, हो, अच्छा, असं म्हणून नीट ठेवला. आणि मग ओट्याशी उभी राहून मी तुम्हाला अशा काही शिव्या घातल्या की हे देवपूजा सोडून धावत आले. तुमची चूक तुम्हाला कळली होती! शब्दात मांडता येण्याइतकी कळली होती! आणि ती तुम्ही कबूल कोणाकडे केलीत, तर गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे. मला ताटावरून मान वर न करता "कोन चालवते तिले", आणि त्याला सगळं मन उघडून. माझ्या वाट्याची पहाट, माझ्या वाट्याचा रिकामा रस्ता पुलगावात एका परक्याच्या पोरीला मिळाला. ती आज बस चालवते. चांगलंच आहे, तिचं भलं होवो. पण तुमच्या पश्चात्तापाचं पीक दुसऱ्याच्या अंगणात आलं आणि मी इथे मोटर स्कूलच्या मास्तराकडून चाळिसाव्या वर्षी शिकले, जो दर वळणावर "ताई घाबरू नका" म्हणायचा. तुम्हाला हिम्मत झाली नाही म्हणे. जिनिंगचा चालू पट्टा हातानं उतरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीला दुसऱ्यांदा विचारायची हिम्मत झाली नाही!

दुसऱ्यांदा. हा शब्द मी आत्ता लिहिला आणि थांबले. चहा करून आले. आता पुढचं लिहिते, कारण लिहिलं नाही तर ही सगळी वही फाडावी लागेल.

मी सतरा वर्षांची होते. त्या वर्षी काकाचा एक बैल मेला होता आणि देवळीकडच्या आपल्या गावात आपल्या घराची जोडी पोळ्यात नव्हती. तुम्ही म्हणालात, घराची जागा रिकामी राहता कामा नये. म्हणून हेराल्डला झूल घातलीत, बॉनेटला बेगड लावलीत आणि आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, बैलांच्या रांगेत नेऊन उभी केलीत. दादा आणि मी सोबत होतो. गाव हसत होतं, पण कौतुकानं. पुढे आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखालून एकेक जोडी गेली की पोळा फुटायचा. आपल्या आधी दोन जोड्या राहिल्या तेव्हा तुम्ही खाली उतरलात, फिरून माझ्या बाजूला आलात, दार उघडलंत आणि किल्ली पुढे केलीत. "चाल वं, तोरनाखालून तू ने आता."

दोनशे माणसं असतील. काका, त्याचे सोबती, कासरे धरलेली सगळी गडीमाणसं. बाई एक नाही, बाया लांब देवळाच्या पायऱ्यांवर. कोणीतरी ओरडलं, "अरे, पोरगी फोडते का आता पोया!" आणि हशा झाला. माझे कान तापले. मला येत होतं बाबा, सगळं येत होतं, एकेक गिअर पाठ होता. मी मान खाली घालून म्हटलं, "नाई बाबा. मले नाई जमत. दादाले द्या." दादानं किल्ली घेतली आणि करकर आवाज करत गाडी तोरणाखालून नेली. तुम्ही हसलात आणि झुलीची सुटलेली गाठ बांधत बसलात.

एकदाच विचारलंत, तेही अशा ठिकाणी. सतरा वर्षांच्या पोरीला दोनशे पुरुषांसमोर विचारतात का? याचा राग मला आहे, तो राहणार, तुम्ही समोर असतात तरी मी तो सोडला नसता. पण मैत्रिणींना, यांना, लेकीला मी जन्मभर सांगत आले की माझ्या बापानं मला एकदाही विचारलं नाही. ते खोटं होतं, आणि सांगताना प्रत्येक वेळी मला ते माहीत होतं.